शंभराला चार

कोरेगाव रस्त्याला, एमआयडीसीच्या अलीकडे
सर्जेराव लोहारच्या दुकानात
माझी गाडी चार जॅकवर उभी आहे,
पाय वर घेऊन बाकावर बसलेल्या पाहुणीसारखी.
खाली तिची बॅटरी, सपाट, काळी.
इतक्या दिवसांत मी ती पहिल्यांदा बघते.

जुनी चाकं सोळा इंची. नवी सतरा.
रुंदीलाही बोटभर जास्त.
मेढ्याच्या कामात उकरलेल्या रस्त्यावर पोट घासतं
हे सगळ्यांना सांगितलेलं कारण.
न सांगितलेलं असं की
या आऱ्या मला दुकानाच्या काचेतून दिसल्या होत्या
आणि मी दोनदा वळून आले होते.

"बसत्यात मॅडम. स्टेअरिंग पुरं मारून बघितलं,
आतल्या पत्र्याला लागत न्हाई.
वजनाचा आकडाबी बघून घेतलाय, गाडी जड हाय ही.
पण बिल करायच्या आधी एक सांगतो."

त्यानं फरशीवर खडूनं दोन वर्तुळं काढली,
एक दुसऱ्याच्या पोटात.

"मोठं चाक फेरे कमी घेतं.
मीटर फेरे मोजतो, रस्ता न्हाई.
त्यो शंभर म्हणंल तवा
तुमी एकशेचार गेलेल्या असणार."

"आणि चार्ज?"

"त्यो आधीच संपंल. अडीचशेची दोनशेतीस धरा."

मी हसले. त्याला कळेना का.

मी वैधमापन खात्यात आहे, सर्जेराव.
अठरा वर्षं झाली.
पाच लिटरचं माप घेऊन पंपावर जाते,
काट्याखाली चिकटवलेली चुंबकं नखानं काढते,
कोळणींच्या शिव्या खाते,
खोट्या वजनांचा पंचनामा करते.
कमी देणाऱ्याला माझ्याकडे कलम आहे.
जास्त देऊन कमी सांगणाऱ्याला
काय लावायचं असतं
ते कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही.

तो नट आवळत होता, समोरासमोरचे,
एक इकडचा, एक तिकडचा.
म्हणाला, आजा नागठाण्याला धाव बसवायचा,
बैलगाडीच्या चाकाला.
गोवऱ्यांच्या आरात कडी लाल करायची,
चिमट्यांनी धरून चौघांनी लाकडावर घालायची,
वरनं पाणी.
लाकूड ओरडायचं म्हणे.
"कडीचं माप थोडं कमीच घ्यायचा आजा.
बरोब्बर घेतली तर उन्हाळ्यात निसटायची."

धाव.
त्या लोखंडालाही हाच शब्द, पळण्यालाही.
आणि एका चार्जात गाडी किती जाते
हे विचारताना मीही परवा
हेच म्हणाले होते शोरूममधल्या पोराला.
तो 'रेंज' म्हणाला.

संध्याकाळी मेढ्याला निघाले.
इंजिन नाही, त्यामुळे टायरच बोलतो;
नव्याचा आवाज खर्जातला,
डांबर गुळगुळीत आलं की गप्प,
खडी आली की पुन्हा सुरू.
उतारावर पाय उचलला,
गाडीनं थोडं परत कमावलं.
काट्यावर साठ होते.
साठ नव्हते, मला माहीत होतं,
पण कॅमेऱ्याला मीटर थोडाच दिसतो.

ऑफिसपासून मेढ्याच्या बाजारापर्यंत
रोज सव्वीस भरायचे.
आज पंचवीस.

दौऱ्याच्या भत्त्याचा फॉर्म मांडीवर घेऊन
गाडीतच बसले बराच वेळ.
'प्रत्यक्ष अंतर', असा रकाना आहे.
खाली सही,
वरील माहिती खरी असल्याबद्दल.

बाहेर एक भाजीवाला माल आवरत होता.
त्याच्या काट्यावर माझाच शिक्का, गेल्या वर्षीचा.
शेवटच्या गिऱ्हाइकाला पाव किलो गवार तोलून
त्यानं वरून एक मूठ टाकली,
न बघता.

मी पंचवीस लिहिले.
कण्हेरच्या पाण्याकडेचा एक किलोमीटर
कुठेच लिहिला नाही.