दोलनकाळ (सेकंदांत)

अर्जात चौकट एकच आहे.
'इमारतीचा दोलनकाळ', आणि पुढे
दोन बोटं रुंद कोरी जागा.
इमारत म्हणाल तर
बिओबिओ नदीच्या वाळूवर टाकलेला एक चौथरा,
त्यात दोन मजले गाड्या, एक मजला दुकानं,
आणि वर तीन मनोरे:
चोवीस मजली, एकोणीस, अकरा.

तोमिस्लाव नवा आहे.
त्याने तिघांना उंचीचं सूत्र लावलं,
बेरीज केली, तीनने भागलं,
आणि एक पूर्णांक तेरा शतांश असा
नीटनेटका आकडा माझ्या टेबलावर ठेवून
कॉफी आणायला गेला.

मी रागावले नाही. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं.
फक्त म्हटलं, पोरा,
तुझे आजोबा, तू आणि तुझी धाकटी बहीण,
तिघांच्या मापांची सरासरी काढून
बुटांचा एक जोड आणलास,
तर तो कुणाच्या पायात जाईल?

संगणकावर पहिल्या रूपात
फक्त उंच मनोरा डोलतो.
बाकीचे दोघे उभे,
लग्नात कुणाशी ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.
सहभागी वस्तुमान एकतीस टक्के.
नियम म्हणतो, नव्वद भरा.
मग दुसरं रूप, तिसरं, नववं, बाविसावं,
चौथऱ्याचं जडपण
अगदी शेवटी कूस बदलतं.

रात्री दोन वाजता
आम्ही तीन गच्च्यांवर तीन यंत्रं ठेवली.
वारा पडलेला. कोन्सेप्सिओन झोपलेलं.
तरी आकडे येत राहिले.
लांबवर समुद्र किनाऱ्यावर आपटतो,
इमारतीला तेवढं पुरतं.
केसाच्या जाडीइतकंही नाही,
पण ती हलत असते,
कधी थांबलीच नव्हती.

खाली एलेउतेरियो, रखवालदार.
त्या मोठ्या रात्री तो इथेच होता,
खांबाला मिठी मारून.
"तीन आवाज होते, बाई.
उंच तो कण्हत होता, सावकाश.
मधल्याचं नीट आठवत नाही.
हा बुटका दातांवर दात आपटत होता,
आणि मध्येच गप्प व्हायचा,
कान दिल्यासारखा."
मी ते वहीत लिहिलं नाही.
अशा वाक्याला एकक नसतं.

पहाटे आलेख आले.
बुटक्याचं शिखर जिथे हवं तिथेच,
पण पलीकडे एक लहानसा उंचवटा,
नेमका उंच मनोऱ्याच्या काळावर.
तोमिस्लावने तार बदलली, यंत्र बदललं.
उंचवटा गेला नाही.

आणि सगळेच काळ हिशेबापेक्षा आखूड.
आम्ही धरले होते खांब, तुळया, काँक्रीटच्या भिंती.
न धरलेल्या आडभिंती,
जिन्यांची वळणं,
सातव्या मजल्यावर ओतिलियाबाईंनी
नवऱ्याचं न ऐकता बांधून घेतलेली विटांची भिंत,
सगळ्यांनी थोडा थोडा हात लावला होता.
खऱ्या धक्क्यात हे हात सुटतील,
काळ लांबेल.
तेही लिहायला हवं,
आणि त्याला तर चौकटच नाही.

मी अक्षर बारीक केलं.
तरी तिसरा आकडा रेघेबाहेर गेला.
"अर्ज परत पाठवला तर?"
"पाठवतील."

खिडकीतून तिघे दिसतात, सरळ उभे.
बुटक्याच्या गच्चीवर, आमचं यंत्र होतं तिथे,
कुणीतरी चादरी वाळत घालतंय.