अर्धा परवाना

माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात,
आईच्या मशीनच्या बॉबिनींखाली सापडलं
टीव्हीच्या परवान्याचं पुस्तक.
पासबुकाएवढं. कडा कसरीनं चाखलेल्या.
नाव : भास्कर शिवराम कांदळगावक.
शेवटचा र चौकटीत मावला नव्हता
आणि बाबा नऊ वर्षं
र शिवायच कायदेशीर होते.

आत तिकिटं, तिकिटांवर शिक्के,
वडाळा पोस्ट ऑफिस, जानेवारी, जानेवारी, जानेवारी.
गोदीत लोकांच्या पेट्या मोजणारा माणूस
घरातल्या एका पेटीचे पन्नास रुपये
तारीख उलटू न देता भरायचा.

त्र्याऐंशीच्या गणपतीत पिक्चर ट्यूब गेली.
दुरुस्तीवाला इराप्पा म्हणाला, नवीन घ्या.
बाबांनी घेतला फुलस्केप.
"माननीय पोस्टमास्तर साहेब,
सविनय कळवितो की माझ्या यंत्रात चित्र येत नाही,
आवाज येतो.
तरी सदर यंत्रास रेडिओ समजावे
व त्या दराने पैसे घ्यावेत.
ते शक्य नसल्यास अर्धा परवाना द्यावा."
कार्बन कॉपी पुस्तकातच आहे, घडीवर फाटलेली.

उत्तर दीड ओळीचं :
यंत्र चालते की नाही हे खाते पाहत नाही.
यंत्र आहे की नाही एवढेच पाहते.

बाबांना ते पटलं, हीच तर गंमत.
पन्नास भरून आले,
येताना चक्क चिकू आणले.

आम्ही रविवारचा सिनेमा ऐकायचो.
गवार मोडता मोडता आई
काळ्या काचेकडे बघून सांगायची,
आता ती जिना उतरतेय.
आता त्यानं पत्र फाडलं.
आता काही नाही, नुसते ढग आहेत.
वरच्या मजल्यावर रेगेंकडे धडका टीव्ही होता,
त्यामुळे सोमवारी शाळेत कळायचं
की जिना नव्हताच,
आणि पत्र तिनं फाडलं.
मी भांडायचे. आईचा सिनेमा
मी पाहिला होता.

परवाने बंद झाले त्या जानेवारीतही
बाबा नोट घेऊन खिडकीशी उभे.
आता लागत नाही, काका.
मग तसं लिहून द्या.
शेवटच्या पानावर निळ्या शाईत आहे ते :
आता लागत नाही.
सही नाही. शिक्का मात्र गोल, पूर्ण, स्वच्छ.

काल मुलुंडच्या बँकेत गेलो, हयातीच्या दाखल्याला.
एक्क्याण्णव पूर्ण. डोळ्यांत आता
उजेड आहे की नाही एवढंच उरलंय.
अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल.
दुसरा अंगठा. लाल.
काउंटरवरची पोरगी म्हणाली, आजोबा, डोळा दाखवा.
डोळ्यालाही लाल.
"सिस्टीम घेत नाहीये," ती मला म्हणाली,
जणू ते तिथं नव्हतेच.

बाबांनी काठी सरळ केली,
खास ऑफिसातला जुना आवाज काढला :
"अर्ध्याची काही सोय आहे का?"

पोरगी माझ्याकडे बघायला लागली.
मला हसू आवरेना, आणि मग नुसतं हसूच नाही.
केबिनमधून मॅनेजर आला, चष्मा कपाळावर.
"आहेत ना समोर? मग झालं."
कागदी फॉर्म काढला, धूळ झटकली,
मी नाव लिहिलं. या वेळी र मावला.

परतताना रिक्षा सिग्नलला अडकली.
बाहेर काय चाललंय, त्यांनी विचारलं.
मेट्रोचे खांब, पत्रे, एक बाई
हेल्मेट घालून डबा खात बसलेली,
हे सगळं होतं. पण तोंडातून आलं,
आता काही नाही. नुसते ढग आहेत.

"नोव्हेंबरात कसले ढग?" बाबा म्हणाले.
"नीट बघून सांग."