सूट

लक्ष्मी रस्त्यावर सूट म्हणजे पन्नास टक्के,
ऑफिसात फी-माफी म्हणजे उत्पन्नाचा दाखला, वर गोल शिक्का,
आणि आमच्या विभागात, यंदा जूनपासून,
सूट म्हणजे दोनशे चौदा पानांची फाइल.

नऊ पेपरांची मागतोय आम्ही.
म्हणजे आमची पोरं बी.कॉम. झाली
की लंडनच्या त्या संस्थेनं म्हणावं,
एवढं यांनी तिकडे दिलंय, आमच्याकडे पुन्हा नको.

म्हणावं म्हणून कोणी म्हणत नाही.
डावीकडे त्यांचा अभ्यासक्रम, उजवीकडे आमचा,
मधल्या रकान्यात मी, चष्मा कपाळावर,
त्यांची एकेक ओळ आमच्या कुठल्या तासाला बसते ते शोधत.
घसारा: दुसरं सत्र, घटक तीन.
भाडेपट्टे: बसत नव्हते, बसवले.
'विद्यार्थी सल्ला देऊ शकेल':
इथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह, आणि चहा.

त्यांना तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका हव्यात,
नमुना उत्तरं, गुणदान योजना, बाहेरच्या परीक्षकाची सही,
आणि उत्तरपत्रिका. वरच्या तीन, मधल्या तीन,
तीन अगदी काठावरच्या.
काठावरच्या शोधायला लिंबराज तळघरात गेला,
शिंकत वर आला.
अप्पा बळवंत चौकातला स्पायरलवाला म्हणाला,
एवढी जाड फाटते मॅडम, दोन भाग करा.
मी म्हटलं, एकच ठेवा.
दुसरा भाग कोणी उघडत नाही.

पडद्यावर आल्या त्या बाई. त्यांची सकाळ, आमची दुपार.
घोटवडेकर सर सूट घालून बसलेले,
कमरेखाली नेहमीचीच पँट.
आणि बाईंनी उघडली नेमकी काठावरची.

मुबीना तांबोळी, लेखापरीक्षण, एक्केचाळीस.
प्रश्न चार. तिनं लिहिलं होतं:
आकडे जुळतात. तरी मी सही करणार नाही.
एकाच माणसाकडे गोदामाची किल्लीही आहे आणि वहीही.
खाली लाल शाईत शून्य.
शाई माझी.

याला गुण का नाहीत, बाईंनी विचारलं.
सौम्यपणे विचारलं, म्हणून जास्त लागलं.
मी म्हटलं, नमुना उत्तरात पाच मुद्दे आहेत,
हा त्यांत नाही.
अच्छा, त्या म्हणाल्या,
आणि बराच वेळ काहीतरी लिहून घेत राहिल्या.

याच विषयाला मी चारदा बसले होते.
नव्या पेठेतली अभ्यासिका, पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून
पहाटे साडेपाचला डबा घेऊन हजर.
चौथ्यांदा सदतीस. मग लग्न, मग नेट, मग ही नोकरी.
माझ्या उत्तरांत काय होतं ते कोणी उघडून पाहिलं नाही,
आणि पाहण्यासारखं काही होतंच, असंही नाही.

पत्र नोव्हेंबरात आलं. नऊ मागितल्या, आठ मिळाल्या.
प्राचार्यांनी पेढे वाटले,
माहितीपत्रकात आठचा आकडा डाळिंबाएवढा.
लेखापरीक्षण नाही. कारण एका ओळीत:
इथे उत्तर तपासलं जातं, निर्णय तपासला जात नाही.

सध्या नवी गुणदान योजना लिहितेय.
'इतर कोणताही सयुक्तिक मुद्दा: चार गुण.'
ही ओळ घोटवडेकर सरांनी दोनदा खोडली,
मी तीनदा लिहिली.

काल मुबीना जिन्यात भेटली.
वडिलांचं टायरचं दुकान, फुरसुंगीला.
सूट घ्यायचीही फी असते, पौंडात,
आणि उरलेल्या पेपरची त्याहून जास्त.
तिनं मोबाइलवर गुणाकार करून दाखवला.
मी म्हटलं, ऑडिट येतं तुला.
येतं ना मॅडम? ती म्हणाली.
मग एक्केचाळीस कसे?

तेवढ्यात वरचा तास सुटला,
पोरांचा लोंढा उतरू लागला,
आणि मला भिंतीकडे सरकावं लागलं.