तीन मिलिमीटर

नकाशा चार हजारांत एक.
म्हणजे कागदावर एक मिलिमीटर
आणि भांडुपात चार मीटर.
बोरवणकर साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
टोक काढत जा, बाई, पेन्सिलीला.
बोथट टोकाखाली लोकांची घरं जातात.

तेव्हा आम्ही रंग हातानं भरायचो.
पिवळा राहणाऱ्यांना, जांभळा कारखान्यांना,
हिरवा बागांना, मैदानांना,
आणि जिथे काय करायचं ते
कुणालाच ठाऊक नसे, तिथेही.

एका शुक्रवारी डबा उघडायच्या घाईत
पट्टी सरकली.
नाल्याकाठचा हिरवा नाला सोडून
कॉलेजच्या आवारात शिरला, तीन मिलिमीटर.
खोडायला गेले असते तर कागद खरवडला असता.
म्हटलं, सोमवारी बघू.
सोमवारी शीट सहीला गेलेली.

मग राजपत्रात आलं.
बारा मीटर रुंद, सत्तर मीटर लांब,
माझ्या भुकेएवढी जमीन
बागेसाठी आरक्षित.
त्यावर कॉलेजला वीट ठेवता येईना
आणि पालिकेला बाग करता येईना,
एकाकडे परवानगी नाही, दुसऱ्याकडे पैसे.
तेव्हा जे आपणहून यायचं ते आलं:
भेंड, करंज, कुणी न लावलेला एक शिरीष,
भोईरांच्या दोन म्हशी,
सिमेंटच्या पडक्या पाइपात बसून
अकाउंट्स पाठ करणारी पोरं.

तीस वर्षांत मी दोनदाच गेले तिकडे.
दुसऱ्यांदा वॉचमननं हटकलं,
कुणाला शोधताय?
म्हटलं, हद्द.
तो म्हणाला, इथे त्या नावाचं कुणी नाही.

काल सुनावणी होती.
कॉलेजला सात मजले वाढवायचेत.
प्राचार्या लोबो मॅडम आवाज न चढवता बोलल्या:
नर्सिंगच्या दोनशे जागा, प्रयोगशाळा,
कल्याणपलीकडून येणाऱ्या मुलींना वसतिगृह.
आणि गेलेल्या बागेच्या बदल्यात बाग,
दुसऱ्या मजल्यावर, दीड मीटर मातीत.
आर्किटेक्टनं चित्र लावलं.
झाडं सुरेख होती, सगळी एका उंचीची,
खाली स्लॅबची रेघ सरळ, काळी.

हरकती तीन.
केरकर कंपाउंडरनी पक्ष्यांची वही आणलेली,
त्यात तांबटाचा ठोका सुद्धा मिनिटागणिक मोजलेला.
सोसायटीच्या सेक्रेटरींना फक्त पार्किंगची काळजी.
भोईरांची सून उठली आणि म्हणाली,
तिथे आमचं भाताचं खाचर होतं.
तुम्ही दोघंही नंतरचे.
हे मिनिट्समध्ये घ्यायचं की नाही
यावर कारकून अडला.

मग साहेबांनी चष्मा काढला.
हे आरक्षण इथेच का?
काही सर्वेक्षण, मागणीपत्र, टिपण?
नाला तर तिकडे आहे.

खात्यात सर्वांत जुनी मी.
फाइल माझ्या मांडीवर,
तिच्या पुठ्ठ्याला घाम माझाच.
बोलले असते तर दोन वाक्यांत संपलं असतं:
पट्टी सरकली, साहेब. भूक लागली होती.
शिरीष गेला असता, आणि दोनशे मुली आल्या असत्या,
आणि त्यांतली एक कदाचित तेजल,
माझ्या बहिणीची, वेटिंगवर एकशे बारावी.

मी म्हटलं, टिपण सापडत नाही.
हे खोटं नव्हतं.
जे कधी लिहिलंच नाही ते सापडत नाही.

पुढची तारीख एकोणीस.
एकतीसला मी निवृत्त.
शाल, नारळ, आणि हल्ली देतात तसं
कुंडीतलं एक रोप.

रात्री तेजलनं विचारलं,
मावशी, झालं का गं काही कॉलेजचं?
मी भाकरी थापत होते,
परातीत कड तुटली ती बोटानं सांधली.
म्हटलं, कागद शोधताहेत.