चौथा बर्नर

रुवीतली खोली उद्या सोडायची.
डिपॉझिटचे चाळीस रियाल
शेगडीला चिकटून बसलेत.

सोडा, व्हिनेगर, वर नळाचं पाणी
(जूनमध्ये इथं गार नळही कढत येतो)
रात्रभर बादलीत बर्नर.
सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं
आणि थर जिथल्या तिथं.

तारेच्या घासणीनं नखाएवढा सुटतो.
हे माझं नाही, मी म्हणतो,
हे बशीरभाईंच्या बांगड्याच्या सांबाऱ्याचं,
आणि त्याखालचं, त्यांच्याही आधीच्या
कुणाच्या तरी उतू गेलेल्या दुधाचं.
फोनवर असणार तोही.
घरचा फोन लवकर ठेवता येत नाही.

नवा भाडेकरू दारात, बॅगेसकट.
"राहू द्या हो. रात्री भातच लावायचाय."

तीन झाले.
चौथा तसाच बसवतो,
भिंतीकडच्या बाजूला.