बर्फावर फळ्या

साडेदहाला हॉकीचा सामना संपतो.
सहा हजार माणसं बिअरचे प्लास्टिकचे पेले चुरडत
ट्रामकडे निघून जातात
आणि आम्ही आत शिरतो, सोळा जण,
पिवळ्या जाकिटांत, चार नंबरच्या दारानं,
जिथे बारा महिने तळलेल्या कांद्याचा वास.

उद्या संध्याकाळी इथे कुणीतरी गाणार आहे.
कोण, मला ठाऊक नाही. पोस्टरवर तिचे नुसते ओठ आहेत.
सकाळी सहाच्या आत बर्फ झाकायचा.
वितळवायचा नाही, हे मला पहिल्याच रात्री कळलं;
मला वाटलं होतं पाणी करून गटारात सोडत असतील.
कासिम मुकबिल म्हणाला,
पोरी, बर्फ धरायला तीन दिवस जातात,
झाकायला एक रात्र.

फळ्या आठ फुटी. दोघांनी उचलायच्या.
एकीची जीभ दुसरीच्या खाचेत,
वरून टाचेचा ठोका.
खट् आलं की पुढची.
दोन वाजता बोटं माझी राहत नाहीत,
कुणाची तरी मागून आणल्यासारखी वागतात.

कासिमचे वडील इथेच होते कामाला.
इथेच म्हणजे अगदी इथे, तो बुटानं दाखवतो,
निळ्या रेषेच्या जरा अलीकडे.
एडनहून बोटीनं आलेले. भट्टीवर.
पोलाद ओतताना डोळे मिटले
तरी उजेड पापणीतून आत यायचा म्हणे,
घरी आल्यावर तासभर
चहा आहे की दूध, ते रंगावरून कळायचं नाही त्यांना.
मग भट्टी गेली.
मग बरीच वर्षं गवत, विटा, पोरांच्या सायकली.
मग हे छप्पर.

चार फळ्या होईपर्यंत मी गप्प.
पाचवीला सांगते:
माझे बाबा शिरोलीला होते, फाउंड्रीत. मोल्डर.
कोपरापर्यंत काळी वाळू.
मनगटावर ठिणग्यांचे डाग, मी झोपताना मोजायची,
अकराच्या पुढे कधी गेले नाही.
आणि तू शेफिल्डला काय शिकायला आलीस?
धातुशास्त्र.
तो इतका हसतो की फळी हातातून सुटते
आणि त्या रिकाम्या खुर्च्या
तो आवाज कितीतरी वेळ
एकमेकींकडे देत बसतात.

तीनची सुट्टी. बाहेर
रिकाम्या कारतळावर आखलेल्या पांढऱ्या रेघा,
कॅसिनोची लाल पाटी, तिच्यातलं एक अक्षर विझलेलं,
कालव्यात हंस झोपलेत, मान पंखात खुपसून,
कुणी विसरून गेलेल्या पिशव्यांसारखे.
मॉरीन तिची बर्गरची गाडी पुसतेय.
ती पलीकडच्या गल्लीतली, जन्मापासून.
म्हणते, आई सांगायची, घणाचा आवाज रात्रभर,
आणि कारखान्याला सुट्टी लागली
की अख्ख्या गल्लीला झोप नाही.
आता गाण्याचा ठेका येतो भिंतीतून,
कपाटातल्या बश्या थरथरतात.
त्रास होतो का?
छे, म्हणते. सोबत होते.
उरलेला कांदा ती आमच्या पावात कोंबते, पैसे घेत नाही.

पावणेसहाला शेवटची फळी.
मी वाकून तळहात टेकवते.
गार. म्हणजे तो आहे खाली.
उद्या यावर माणसं नाचतील,
उकडतंय म्हणून कोट कमरेला बांधतील,
आणि कासिम म्हणतो, तेही कधीकधी वाटत राहतं,
की त्याच्याही खाली अजून काहीतरी
पुरतं विझलेलं नाही.
पण तो हे चार वाजल्यानंतर बोलतो
आणि चारनंतरचं आम्ही एकमेकांचं मनावर घेत नाही.

ट्रामच्या थांब्यावरून फोन लावते.
तिकडे साडेअकरा, बाबा जेवायच्या बेतात.
काय केलंस रात्री?
बर्फावर फळ्या टाकल्या.
किती अंशावर असतो?
उणे पाच.
ते जरा थांबतात. आमचं चौदाशेला जायचं, म्हणतात.
माहीत आहे, बाबा.
मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी गॅस बारीक करतं.
हातमोजे देतात का गं?
देतात, मी म्हणते,
आणि उजव्या मोज्याच्या भोकातून बाहेर आलेलं बोट
खिशात घालते.