खाडाखोड

सामना सातला. दहा मिनिटं आधी
पाच नंबर लिहून द्यायचे टेबलावर.
चार मी कालच ठरवले, डोळे मिटून.
पाचवा फॉरवर्ड. माणसं दोन, जागा एक.

क्लायपेडाचं बंदर कधी गोठत नाही म्हणतात,
आज वाऱ्याने ते करून दाखवायचं मनावर घेतलंय.
क्रेनचे दिवे दुपारी चारलाच लागले
आणि मी या बिनखिडकीच्या खोलीत
निवलेल्या बीटाच्या सुपासमोर
दोन माणसं तोलत बसलोय
वाण्यासारखा,
आपलीच मापं खोटी आहेत हे माहीत असलेल्या.

वायदोतास. वय चौतीस, नंबर चौदा.
त्याचे गुडघे हवामान खात्याच्या आधी बर्फ सांगतात.
उडी म्हणाल तर वर्तमानपत्राच्या जाडीची.
पण कुठे उभं राहायचं ते त्याला कळतं.
त्याच्या खांद्यावर आपटून समोरचा गडी
अर्धा क्षण उशिरा पोचतो,
तेवढ्यात आमचा कोणीतरी मोकळा होतो, बास्केट होते,
टाळ्या त्या कोणालातरी.
या अर्ध्या क्षणाला कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

आझुओलास. एकवीस. नंबर सात.
नावाचा अर्थ ओक,
पण झाडासारखं मिनिटभर थांबणं अंगात नाही.
हवेत गेला की वर काही काम निघाल्यासारखा रेंगाळतो.
बचावाला परत यायचं मात्र विसरतो,
दुकानात पिशवी विसरावी तसं,
आणि मी ओरडलो की हसतो. मनापासून हसतो.
काय करायचं अशा माणसाचं?

आउश्रिने लॅपटॉप माझ्याकडे वळवते.
"सात असताना अधिक अकरा, चौदा असताना उणे चार.
आकडे खोटं बोलत नाहीत."
नसतील. पण विचारल्याशिवाय बोलतही नाहीत,
आणि विचारणारे आपणच.

कपडे धुणाऱ्या यानिनाबाईंचा हिशोब वेगळा:
चौदाची जर्सी टोपलीत सुलटी करून पडते,
सातची उलटी, वर मोजे आत कोंबलेले.
त्यांचं हे मत मी कधी कोणाला सांगितलं नाही.
ऐकलं मात्र बरेचदा.

मलाही एकदा असंच बसवलं होतं.
कोणी सांगितलं नव्हतं. लाउडस्पीकरवर
माझ्या जागी दुसरंच नाव आलं तेव्हा कळलं.
मी उभा होतो, टाळी द्यायला हात अर्धा वर.
तो हात खाली कसा आणला, आठवत नाही.

म्हणून आज आधीच सांगायचं ठरवून
मालिशच्या खोलीपर्यंत गेलो.
"गुडघा कसा आहे?"
"आहे."
झालं बोलणं.

टेबलावर कागद पुढे आला
आणि हाताने आपला आपणच चौदा लिहिला,
नऊ वर्षांच्या सवयीने.
मी काट मारली. सात लिहिला.
"खाडाखोड केलीत तर शेजारी सही लागते,"
टेबलावरची मुलगी म्हणाली, वर न बघता.
केली सही.
एवढ्या बारीक जागेत माझं नाव कधी लिहिलं नव्हतं.

दुसऱ्याच मिनिटाला पोरगा आपला माणूस हरवून बसला.
माझं तोंड उघडायच्या आत
मागून आवाज आला: "डावीकडे!"
पोरगा डावीकडे वळला.

मी मागे पाहिलं. गुडघ्यांवर टॉवेल,
नजर खेळावर, माझ्यावर नाही.
त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.
मी उभाच राहिलो.